गोदावरीत सोडण्याआधी



सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दादा वारले. चाळिसावा झाल्यावर जुन्या घराची आवराआवर सुरू झाली, तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात कुरआन शरीफचे सुटे, पिवळे पडलेले पारे होते, जिल्द उसवलेल्या दोन-तीन किताबा होत्या आणि सुतळीने बांधलेली कागदांची बंडलं होती. बंडलांवरचं अक्षर उर्दू, पण घाईत लिहिलेलं, शिकस्ता वळणाचं. मी मराठी माध्यमातला. कुरआन नाजरा येत होतं, छापील उर्दू अडखळत वाचता येत होती. त्या अक्षराची मात्र एक ओळ लागली नाही.

मोठे चाचा म्हणाले, "अल्ला का नाम है इसमें. पैरों में आना नक्को." सगळं पांढऱ्या कापडात बांधलं. गाठोडं मीच खांद्यावर घेतलं. घाटावरून नावेत बसलो, मधल्या धारेत गेलो, दगड बांधला आणि सोडून दिलं. मनाला बरं वाटलं. अदबीने काम झालं होतं.

गेल्या वर्षी लातूर जिल्ह्यातून, औसा तालुक्यातल्या आमच्या मूळ गावाहून फोन आला. २०२५ च्या जूनमध्ये केंद्र सरकारचं ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं होतं आणि वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांत त्यावर चढवायची होती. गावच्या मशिदीच्या इनाम जमिनीचा निजामकाळातला मुंतखब कमिटीला सापडत नव्हता. फोनवरचे बुजुर्ग म्हणाले, "बेटा, तुझे दादा पोलिस ॲक्शनच्या आधी कचेरीत मुहर्रिर होते. त्यांच्याकडे नक्कल असायची. पेटी आहे का अजून?"

पेटी आहे. तिच्यात आता गव्हाचं पीठ ठेवतात.

ती नक्कल त्या बंडलांत होती की नव्हती, हे मला कधीच कळणार नाही. होती असं समजलं तर वाईट वाटतं. नव्हती असं समजलं तरी वाईट वाटतं, कारण मग दुसरं काय काय होतं? त्या फोननंतर मी वाचायला लागलो की कागद जपणाऱ्या लोकांनी नेमकं काय केलं. वाचता वाचता ज्या लोकांपाशी पोहोचलो त्यांचं नाव ऐकून तुमच्यातले काही जण दचकतील. ते यहुदी होते. आजचं संपादकीय त्यांच्या धर्मग्रंथांच्या जुन्या हस्तलिखितांबद्दल आणि आपल्या पेट्यांबद्दल आहे.

पुण्यातून निघालेला रस्ता

मी पुण्यात नोकरी करतो. कॅम्पातून जाताना उंच मनोऱ्याची लाल विटांची इमारत दिसते. लोक तिला लाल देऊळ म्हणतात. ते ‘ओहेल डेव्हिड’ नावाचं सिनेगॉग आहे, १८६७ साली पूर्ण झालेलं. बांधणारे डेव्हिड ससून, ज्यांच्या घराण्याचं नाव ससून हॉस्पिटलला आहे. आपल्या मराठवाड्यातलेही कितीतरी पेशंट त्या दारातून आत गेलेत. ससून बगदादचे यहुदी. तिथल्या छळामुळे निघाले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. त्यांची कबर पुण्यात, याच सिनेगॉगच्या आवारात आहे.

त्यांचा नातू डेव्हिड सॉलोमन ससून १८८० साली मुंबईत जन्मला. पुढे तो इंग्लंडला राहिला आणि त्याने आयुष्यभर हिब्रू हस्तलिखितं गोळा केली. १९३२ मध्ये त्यांची सूची छापली. तिचं नावही ‘ओहेल डेव्हिड’च. या संग्रहातलं सर्वांत मोठं रत्न म्हणजे आज ‘कोडेक्स ससून’ म्हणून ओळखलं जाणारं हिब्रू बायबल. चामड्याच्या पानांवर हाताने लिहिलेलं, सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचं आणि जवळपास पूर्ण. ससूनने ते १९२९ मध्ये ३५० पौंडांना घेतलं. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ३ कोटी ८१ लाख डॉलर आले.

किमतीपेक्षा मला त्याच्या पानांवरच्या नोंदींनी थांबवलं. हा ग्रंथ उत्तर-पूर्व सीरियातल्या माकिसीन नावाच्या गावच्या सिनेगॉगला अर्पण केलेला होता. गाव उद्ध्वस्त झालं. तेव्हा कोणीतरी त्यावर लिहून ठेवलं की ग्रंथ सलामा बिन अबी अल-फख्र यांच्याकडे सोपवला आहे. सिनेगॉग पुन्हा उभं राहिलं की परत द्यायचा. ते कधीच उभं राहिलं नाही. पण एका माणसाने लिहिलं आणि एका माणसाने सांभाळलं, म्हणून ग्रंथ उरला. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे: अमानत. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती हक्कदारांकडे पोहोचवण्याचा हुकूम आहे, हे आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो. ऐकताना डोळ्यांपुढे पैसा येतो किंवा जमीन. कागद येत नाही.

काहिऱ्याच्या सिनेगॉगमधली खोली

यहुद्यांमध्ये एक जुनी पद्धत आहे. ज्यावर अल्लाहचं नाव लिहिलेलं आहे तो झिजलेला कागद ते फेकत नाहीत, जाळत नाहीत. एका बंद जागेत ठेवतात आणि पुढे कब्रस्तानात दफन करतात. त्या जागेला ‘गनिझा’ म्हणतात. ओळखीचं वाटलं ना? आपल्या मशिदीच्या कोपऱ्यात असलेली ‘शहीद औराक’ची पेटी हीच. भावना एक, अदब एक.

जुन्या काहिऱ्यातल्या फुस्तात भागात बेन एज्रा नावाचं सिनेगॉग आहे. तिथल्या लोकांनी कागद खोलीत टाकले, पण दफनाची पायरी बरीचशी राहूनच गेली. असं जवळपास हजार वर्षं चाललं. १८९६ मध्ये ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी काहिऱ्याहून आणलेली काही पानं केंब्रिजचे विद्वान सॉलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यांतलं एक बेन सिरा या ग्रंथाचं हिब्रू पान निघालं. त्याचा हिब्रू मूळ पाठ शेकडो वर्षं हरवलेला होता, फक्त भाषांतरं उरली होती. शेख्टर काहिऱ्याला गेले आणि सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे केंब्रिजला घेऊन आले.

त्या ढिगात तोरातची पानं होती, दुआ होत्या. त्याबरोबर निकाहनामे, तलाकनामे, दुकानाचे हिशेब, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलांचे अक्षर गिरवलेले कागदही होते. बरंचसं लिखाण अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत. सुलतान सलाहुद्दीनच्या दरबाराशी जोडलेले हकीम आणि यहुद्यांचे मोठे धर्मपंडित मूसा बिन मैमून यांच्या स्वतःच्या हातचे कागद तिथे मिळाले. तेही अरबी भाषेतले, हिब्रू अक्षरांतले. आपले दादा-परदादा मराठी गावांची आणि शेतांची नावं उर्दू लिपीत लिहीत, तसंच हे.

त्यात हिंदुस्तानही होता. ट्युनिशियाकडचा अब्राहम बेन यिजू हा व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला सतरा-अठरा वर्षं राहिला. त्याची आणि एडनच्या मदमून या व्यापाऱ्याची पत्रं गनिझात सापडली. मिरी, लोखंड, पितळेची भांडी, आणि मदमूनने एडनहून भेट म्हणून पाठवलेला कोरा कागद. अमिताव घोष यांचं ‘इन ॲन अँटिक लँड’ हे १९९२ चं पुस्तक या पत्रांवर उभं आहे.

आणि एक गोष्ट आपण खास लक्षात ठेवावी अशी. तेव्हा मिसरमध्ये फातिमी खलिफांचं राज्य होतं. त्यांचं सरकारी दफ्तर आज कुठेही एकत्र उरलेलं नाही. पण त्या दफ्तरातले रद्दी झालेले हुकूमनामे लोकांनी पाठकोऱ्या कागदासाठी वापरले. मागच्या कोऱ्या बाजूवर यहुद्यांनी आपल्या दुआ लिहिल्या आणि ते कागद गनिझात गेले. त्यामुळे खलिफांचे हुकूम आज वाचायला मिळतात ते सिनेगॉगच्या कोठडीतून. मुस्लिम सल्तनतीचा इतिहास यहुद्यांच्या अदबीने राखला. आणि यहुद्यांची ती कोठडी हजार वर्षं एका मुस्लिम शहरात टिकली. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत.

"आत्ता हे कशाला?"

हा प्रश्न येणार, आणि आला पाहिजे. गाझाची दृश्यं डोळ्यांपुढे असताना यहुदी हस्तलिखितांचं कौतुक कशाला?

पहिलं उत्तर: एखादं सरकार आणि एक पूर्ण कौम यांत फरक करायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तोच फरक इतरांनी आपल्या बाबतीत करावा असं आपण रोज मागतो. यहुदी आपल्याला परकेही नाहीत. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं मराठी बोलत आलेत. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. त्याला आजही ‘जुनी मशीद’ म्हणतात. होय, प्रार्थनेच्या जागेला ते मशीदच म्हणायचे. १८७४ मध्ये पुण्यात त्यांच्या सणाचं ‘हगादा’ हे पुस्तक हिब्रू आणि मराठी अशा दोन भाषांत छापलं गेलं. द्विभाषिक मासिक चालवणाऱ्या आपल्याला त्याची मजा कळेल.

दुसरं उत्तर फिलिस्तीनमधूनच येतं. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत दोन हजार वर्षांपूर्वीची यहुदी हस्तलिखितं सापडली, ती तआमिरा कबिल्याच्या मुहम्मद नावाच्या बद्दू मेंढपाळाला. पुढे अकरा गुहांतून नऊशेच्या वर ग्रंथांचे हजारो तुकडे निघाले. पन्नासच्या दशकात, शहराचा तो भाग जॉर्डनच्या ताब्यात असताना, जेरुसलेमच्या म्युझियममध्ये नजीब अल्बिना या फिलिस्तिनी छायाचित्रकाराने त्यांचे इन्फ्रारेड फोटो काढले. काळ्या पडलेल्या चामड्यावर डोळ्यांना न दिसणारी अक्षरं त्या फोटोत दिसली. पुढे काही तुकडे आणखी खराब झाले, पण अल्बिनाचे फोटो राहिले. अभ्यासक आजही ते वापरतात.

आणि गाझा. तिथल्या प्राचीन उमरी मशिदीवर डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायली हल्ला झाला आणि ती उद्ध्वस्त झाली. तिच्या ग्रंथालयात जुनी अरबी हस्तलिखितं होती. पण हल्ल्याच्या आधीच गाझातल्या काही लोकांनी बाहेरच्या संस्थांच्या मदतीने सुमारे दोनशे हस्तलिखितांचे डिजिटल फोटो काढून ठेवले होते. मशीद पडली, त्या पानांवरचे शब्द उरले. उलट बाजूही सांगतो, कारण अमानतीची गोष्ट करताना निवड करता येत नाही. १९४७ च्या डिसेंबरात सीरियाच्या हलब शहरात दंगल झाली, सिनेगॉग पेटवलं गेलं. तिथे जपलेल्या, मूसा बिन मैमून यांनी प्रमाण मानलेल्या हिब्रू बायबलची पाचातली दोन हिस्से पानं नंतर मिळालीच नाहीत. त्यांतल्या बहुतेक पानांचे फोटो कोणी काढून ठेवले नव्हते.

आपलं घर, आपली पेटी

आता नांदेड-लातूरला परत येऊ. १९४८ पर्यंत इथलं सरकारी काम उर्दूत चालायचं. जमीन, इनाम, मशीद, दर्गा, कब्रस्तान, शाळा, सगळ्याची नोंद त्या लिपीत. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस ॲक्शननंतरच्या दहशतीत किती घरांतून कागद गेले, ते बुजुर्गांना विचारा. आमच्या नानांच्या घरचे तेव्हाच गेले, असं अम्मी सांगते. १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. जुने कागद शोधायचे तर कधी लातूर, कधी उस्मानाबाद, कधी थेट हैदराबादचं पुराभिलेखागार. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसांबरोबर घरंच्या घरं गाडली गेली. पेट्या वेगळ्या कोण काढणार? जे या सगळ्यातून वाचलं ते आपण अदबीने नदीत सोडतोय. नांदेडात गोदावरी, लातूरकडे मांजरा.

या कागदांची गरज फक्त आपल्याला आहे असंही नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातलं दफ्तर उघडावं लागलं आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. मराठा शेतकऱ्याच्या पणजोबांची जात उर्दू अक्षरात बंद होती. ती लिपी जपणं म्हणजे शेजाऱ्याचीही अमानत जपणं.

सरकार जपेल म्हणून बसावं का? हस्तलिखितांच्या राष्ट्रीय मिशनने केलेल्या व्याख्येत किमान ७५ वर्षं जुना हाताने लिहिलेला ग्रंथ बसतो. फर्मानं आणि महसुली कागद त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे दादांच्या बंडलांतलं बहुतेक सगळं बाहेर. ते घरातच जपावं लागेल.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून तंत्राचं सांगतो. गनिझाचे तुकडे आज जगभरातल्या ग्रंथालयांत विखुरलेत. एकाच पानाचे दोन तुकडे दोन देशांत असतात. चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या पद्धती वापरून संगणक त्यांतले जुळणारे तुकडे सुचवतो. १९७० मध्ये एन-गेदी इथे सापडलेली, जळून कोळसा झालेली गुंडाळी उघडताच येत नव्हती. केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी ती स्कॅन करून, हातही न लावता, २०१५ मध्ये संगणकावर उलगडली. आत तोरातचा मजकूर निघाला. हे वाचून मी थक्क झालो आणि नंतर शरमलो. पंचेचाळीस वर्षं तो कोळसा कोणीतरी सांभाळला होता. माझ्या हातात वाचता येण्याजोगा कागद होता आणि मी त्याला दगड बांधला.

तर दोस्तहो, यंदा एवढं करू.

पेटी उघडाल तेव्हा घाई करू नका. कडक झालेली घडी जोराने उलगडू नका. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मृत समुद्राच्या तुकड्यांना सुरुवातीच्या विद्वानांनी सेलोटेप लावली होती. तिचा चिकट डिंक काढण्यात पुढच्या लोकांची वर्षं गेली. स्टेपलरच्या पिना आणि रबरबँडही काढून टाका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा.

खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. दोन्ही बाजूंचे काढा. फातिमी हुकूमनामे मागच्या बाजूलाच सापडले होते. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल.

प्रत्येक कागदाला नंबर द्या आणि वहीत लिहा: कुठे मिळाला, कोणाचा, त्यावर कोणती तारीख दिसते, कोणी वाचला. नोंद नसलेले हजार फोटो म्हणजे नवी पत्र्याची पेटीच. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. नोंद ठेवणं हे काही इंग्रजांनी शिकवलेलं नाही.

फोटोंच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. जमिनीचे कागद ग्रुपवर टाकू नका. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की बारीक अक्षर जातं, आणि माहिती नको त्या हातात जाते. मूळ कागद कोणालाही, आम्हालाही, देऊ नका.

आणि सर्वांत आधी, शिकस्ता वाचणाऱ्या बुजुर्गांकडे जा. प्रत्येक मोहल्ल्यात असे एक-दोन जण उरले असतील. त्यांच्यासमोर कागद धरा, ते वाचतील तसा आवाज फोनमध्ये भरून घ्या. कागद आणखी दहा वर्षं थांबेल. ते थांबतीलच असं नाही. जमलं तर त्यांच्याकडून ती लिपी शिका. मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर औशाच्या एका निवृत्त मास्तरांकडे शिकतोय. सात महिन्यांत तारीख, गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर वाचता येऊ लागलाय.

हे सगळं झाल्यावर कुरआन शरीफचे झिजलेले पारे आपल्या इमामसाहेबांना विचारून अदबीने दफन करा किंवा नदीत सोडा. ती रीत आपली आहे, सुंदर आहे, राहू द्या. फक्त त्या गाठोड्यात दुसरं काय बांधलं जातंय ते आधी बघा.

गावच्या मशिदीचा मुंतखब अजून मिळालेला नाही. कमिटीचे दोघे हैदराबादला जाऊन अर्ज देऊन आलेत. मोठ्या चाचांना मी अजून काही बोललेलो नाही. त्यांनी त्यांच्या परीने अदब केली होती. पण मागच्या महिन्यात ते स्वतःहून म्हणाले, "तुम्हारी दादी की संदूक में भी कुछ कागदां हैं. आके देख ले."

पुढच्या शनिवारी नांदेडला जातोय. वही आणि पट्टी बॅगेत टाकली आहे.